शिलेदार की बारगीर?

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने बँकेतील कायमची नोकरी सोडून प्रवासलेखन व छायाचित्रण हाच व्यवसाय पत्करला, त्यास आता नऊ वर्षे होत आली. गेल्या श्रावणात मुळशीवरील त्याचा सचित्र लेख एका पुरवणीत प्रसिद्ध झाला. छायाचित्रे पाच होती व पाचही देखणी होती. पलीकडच्या डोंगरावर टेकलेले ढग, अलीकडे हिरवे पठार आणि मध्ये पसरलेले रुपेरी पाणी पाहून आमच्या घरातील मंडळींनी येत्या रविवारी तिकडे जाण्याचा बेतही केला. परंतु मुख्य छायाचित्राखालील ओळ वाचून आम्ही पुरवणी खाली ठेवली. त्या सरोवरास तेथे 'निसर्गाने मावळास दिलेले देणे' असे म्हटले होते.

निसर्गाने ते दिलेले नाही. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधले, आणि आंबेमोहोर पिकविणाऱ्या सुमारे पन्नास गावांची जमीन त्या योजनेत गेली, तेव्हा हे पाणी तेथे उभे राहिले. लोणावळा आणि आंध्र खोरे यांच्या मागोमाग मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्यासाठी आखलेली ही तिसरी योजना होय. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांच्यासह मावळातील शेतकरी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या जागी जाऊन बसले. काम काही काळ थांबले व पुन्हा सुरू झाले. पुरुष तुरुंगात गेले, बायकाही गेल्या. अखेरच्या खटल्यात बापटांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. या लढ्यावर भुस्कुट्यांनी पुस्तक लिहिले आहे. पुढे प्रा. राजेंद्र व्होरा यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला, व धरणाविरुद्धची ही जगातील पहिली चळवळ होय असे आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच म्हटले. पुण्याहून दीड तासावर असलेल्या जागेचा हा इतिहास आहे. तो कोणी दडविलेला नाही. फक्त चित्राच्या चौकटीत तो बसत नाही.

आम्ही रागावून विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. तो पुढच्या रविवारी घरी आला आणि शांतपणे म्हणाला, "सर, तो परिच्छेद लिहिला होता. शेवटचाच होता. जागा पुरली नाही म्हणून गेला. चित्राखालची ओळ माझी नव्हे."

मग हळूहळू उरलेली हकीकतही बाहेर आली. मुळशीच्या काठावरील एका विश्रामधामाने, म्हणजे सध्याच्या बोलीत रिसॉर्टने, त्यास दोन रात्री विनामूल्य ठेवून घेतले होते. पुरवणीच्या त्याच अंकात, पाठीमागच्या पानावर, त्याच विश्रामधामाची जाहिरात होती. पुरवणीकडून लेख व पाच छायाचित्रे मिळून दोन हजार रुपये कबूल झाले होते. ते सात महिन्यांनी, फाल्गुनात, त्याच्या हाती पडले. एवढ्यात मोटारसायकलीच्या तीन खेपांचे पेट्रोल व भिंगाचा महिन्याचा हप्ता दोन्ही भागत नाहीत, हे गणित करावयास बँकेत नोकरी केलेली असण्याची गरज नाही. दरम्यान त्यातील एक छायाचित्र विश्रामधामाच्या रस्त्यावरील फलकावर झळकले, आणि त्यावर छायाचित्रकाराचे नाव नव्हते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो. परंतु मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून ते काढले असेल, आणि उलट करार नसेल, तर मालकी सांगणाऱ्याकडे जाते. दोन रात्रींचे जेवण व बिछाना हा अशा अर्थी मोबदला होतो की नाही, हे वकील मंडळींनी सांगावे. आमच्या विद्यार्थ्याने ते विचारले नाही, कारण पुढच्या हंगामातही त्यास तेथेच उतरावयाचे आहे.

या व्यवसायास इंग्रजीत 'फ्रीलान्स' म्हणतात, आणि मराठीतही आता तोच शब्द रुळला आहे. त्याचे भाषांतर आपण 'मुक्त' किंवा 'स्वतंत्र' असे करतो. शब्दाचा उगम मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीत एक सरदार आहे. त्याच्यापाशी भालाइतांची टोळी असून जो धनी पैसे देईल त्याच्या पदरी ती नेण्यास तो सिद्ध असतो. त्या भाल्यांचे स्वातंत्र्य एवढेच की ते अजून कोणी भाड्याने घेतलेले नाहीत. आमच्याकडे याहून नेमके दोन शब्द होते. स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. बारगीर असणे यात कमीपणा काही नाही. शिवछत्रपतींच्या फौजेत पागेचा मान शिलेदारांहून वरचा होता. कमीपणा आहे तो घोडा पागेचा असून आपण शिलेदार म्हणून मिरविण्यात. कॅमेरा आपला, मोटारसायकल आपली, म्हणून आमचा विद्यार्थी स्वतःस शिलेदार समजतो. परंतु दाणावैरण दुसऱ्याची असली की घोडा कोणाच्या वाड्याकडे वळावयाचा हे दाणावैरणच ठरविते. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण प्रवासलेखकांसाठी रचलेली नव्हती. आज ती त्यांना जितकी लागू पडते तितकी भाटांनाही क्वचितच पडली असेल.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते आम्ही हलके लेखीत नाही. यजमानाने आदराने ठेवून घेतले असता त्याच्या दारातील पाण्याखाली गावे आहेत असे लिहिणे हे खाल्ल्या मिठाला न जागणे नव्हे काय? आमचे म्हणणे असे की हे मीठ लेखकाने एकट्याने खाल्लेले असते. त्याला जागण्याचे ओझे मात्र तो वाचकावर टाकतो. वाचकास त्या जेवणाची वार्ताही नसते. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळवावी म्हणून, घरावरील कर्ज फेडण्यासाठी. झाशीत त्यांनी राणीच्या आश्रयाने दिवस काढले. 'माझा प्रवास' हा ग्रंथ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. तो वाचणाऱ्यास भटजींची गरज, आशा व पदरी पडलेली दक्षिणा ही सारी उघड दिसतात. भटजींनी मीठ खाल्ले व कोणाचे खाल्ले हेही सांगितले, म्हणून झाशीच्या वेढ्याचे त्यांचे वर्णन आपण विश्वासाने वाचतो. जे एका भिक्षुकास सुचले ते आजच्या पदवीधरांस कायद्याने सांगावे लागत आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रचारकांसाठी नियमांची पुस्तिका काढली. मोबदला रोख असो की फुकटचा प्रवास वा मुक्काम असो, तो वाचकास स्पष्ट दिसेल असा सांगितला पाहिजे, असे तीत बजाविले आहे. छापील पुरवण्यांतील गोड लेखांखाली अशी ओळ आम्ही अद्याप पाहिलेली नाही.

दुसरे उत्तर असे की प्रवासलेखन हे रंजनासाठी असते. रविवारी सकाळी चहाबरोबर कोणास बुडालेली गावे हवी आहेत? हे उत्तर देणाऱ्यांस मुळशीच अद्याप दिसलेली नाही. जे पाणी मुळेच्या वाटेने भीमेस मिळावयाचे ते आज डोंगर भेदून, सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्यास उतरते, वीज देते व कुंडलिका नदीस मिळते. कोलाडजवळ रबरी होड्यांतून किंचाळत जाणारी तरुण मंडळी वीजगृहातून सोडलेल्या याच पाण्यावर तरंगत असतात. पूर्वेची नदी पश्चिमेस वळविण्यात आली आणि मावळातल्या शेतकऱ्याचा भात गेला तेव्हा गिरणगावात यंत्रे फिरली. यापेक्षा अद्भुत प्रवासवर्णन कोणते? ते सोडून 'मन मोहून टाकणारा निसर्ग' एवढेच लिहिणारा लेखक रंजनातही उणाच पडतो. शिवाय निव्वळ रंजनाचे परिणाम आम्ही पाहिले आहेत. जे ते लेखणी-बहाद्दर 'अज्ञात धबधबा' म्हणून एखादी जागा जाहीर करतात, आणि पुढच्या रविवारी तेथे हजार माणसे लोटतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांस मुळशी-मावळातील पर्यटनस्थळांवर निर्बंध घालावे लागले. ताम्हिणीस एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो चित्रात जितका सुंदर दिसतो तितकाच ओढ्यात दांडगा असतो, हे लिहावयास कोणत्या यजमानाची परवानगी लागते?

इतके ऐकून घेऊन आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, एक विचारू? राग मानू नका. तुम्हांला एक तारखेला पगार मिळतो. दर महिन्याला. शिलेदारीचे पाठ तुम्ही का देता?"

आम्हांस राग आला, आणि पाठोपाठ तो योग्य जागी लागला आहे हेही कळले. मराठीत जे उत्तम प्रवासलेखन झाले त्याचा चरितार्थ बहुधा दुसरीकडून चालला. पु. ल. देशपांडे प्रथम परदेशी गेले ते नोकरीतील प्रशिक्षणाच्या निमित्ताने, व त्यातून 'अपूर्वाई' झाली. मीना प्रभु व्यवसायाने डॉक्टर. गो. नी. दांडेकर तेवढे मुळशीच्या शेजारी, तळेगावास राहून, किल्ल्यांवर हिंडत लेखणीवर जगले. परंतु त्यांच्या घरात कादंबरी होती, निरूपण होते, आणि गरजा थोड्या होत्या. निव्वळ प्रवासलेखावर व छायाचित्रावर जगू पाहणाऱ्या माणसास आपल्या समाजाने अद्याप पागा दिलेली नाही आणि शिलेदारीचा तनखाही दिलेला नाही. ताम्हिणीच्या वळणावर भाजलेले कणीस व चहा यांवर आम्ही चौघे मिळून तीनशे रुपये सहज खर्च करतो. त्याच तीनशे रुपयांत मासिकाची वर्गणी भरावयाची म्हटली की आम्हांस महागाई आठवते. छायाचित्र तर आपण फुकटच उचलतो, मोबाइलवर पुढे धाडतो, काढणाऱ्याचे नाव कापतो. मग ज्याने उपाशी न राहता हिंडावयाचे आहे त्याने विश्रामधामाच्या दाराशी जाऊ नये तर जावे कोठे?

आणि येथे आम्हांस मुळशीचीच एक जुनी गोष्ट आठवते. त्या खोऱ्यातील पुष्कळ जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणाऱ्यास जमीन हवी होती. सावकारास मोबदल्याची रक्कम चालणार होती. शहरातील सुशिक्षितांपैकी ज्यांनी सत्याग्रहास तोंडभर पाठिंबा दिला, त्यांच्यातीलच काहींचे हितसंबंध त्या रकमेत होते. आमच्यासारख्या घरांतील ते पूर्वज होत. आज त्यांचीच नातवंडे-पणतवंडे त्या पाण्याकाठी चांदण्यात जेवावयास जातात, आणि समोरच्या पाण्याखाली काय आहे हे सांगणारा परिच्छेद जागा पुरली नाही म्हणून गळतो. यास केवळ एका गरीब लेखकाचा भित्रेपणा म्हणून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. आम्हांस तसेच लेखन हवे आहे, व तेही फुकट. आम्ही स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी मुलांस घेऊन प्रथम तेथे गेलो तेव्हा 'केवढे हे नैसर्गिक सरोवर!' असे उद्गार काढले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. आम्ही त्या वेळी इंग्रजी सरोवरकवींवर व्याख्याने देत होतो.

शेवटी गेल्या वैशाखात आम्ही त्या विद्यार्थ्यास घेऊन मुळशीस गेलो, आमच्या गाडीने व आमच्या खर्चाने. रात्री कोणाच्या घरी राहिलो नाही. संध्याकाळी परत आलो. धरणातील पाणी उतरले होते. काठाचा तपकिरी, भेगाळलेला पट्टा उघडा पडला होता. पावसाळी लेखांत हा पट्टा कधी येत नाही. रस्त्याकडेच्या टपरीवरील म्हाताऱ्याने चहाचे पेले पुढे केले, आणि कॅमेरा हिरव्या डोंगराकडे वळलेला पाहून तो म्हणाला, "सायेब, फोटू त्या अंगाचा काढा की. आमच्या आज्याची वाडी ततं व्हती. हिकडं काय, नुसता डोंगर." त्याचा आजा सत्याग्रहात होता काय, असे आम्ही विचारले. तो हसला, व म्हणाला की घरात कोणी ना कोणी आत जाऊन आलेच होते, आता कोण मोजतो.

विद्यार्थ्याने त्या दिवशी तीन तास छायाचित्रे काढली. त्यांत धुके नाही, इंद्रधनुष्यही नाही. चिखल आहे, उथळ पाण्यात उभा एक बगळा आहे, आणि म्हाताऱ्याचे त्या दिशेस केलेले बोट आहे. ती त्याने दोन ठिकाणी पाठविली. एकाने उत्तर दिले नाही. दुसऱ्याने पावसाळ्यातील काही असल्यास पाठवावे असे कळविले.

म्हणून ती या लेखाबरोबर प्रसिद्ध व्हावीत अशी विनंती आम्ही या मासिकाच्या संपादकांस केली. त्यांनी ती आनंदाने मान्य केली. छायाचित्रकारास किती द्याल, असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी मोठ्या सौजन्याने कळविले की लेखकास अल्प मानधन देण्यात येते, मात्र छायाचित्रांस देण्याची प्रथा नाही. नाव अवश्य छापू. विद्यार्थी तयार होता. आम्ही नकार दिला. ती छायाचित्रे येथे नाहीत, त्याचे कारण एवढेच.