ड्रॉइंगच्या मास्तरांनी लिहिलेलं पुस्तक

परीक्षा जवळ आली की शाळेत सगळ्यात आधी कुठला तास जातो? चित्रकलेचा! गणिताचा पोर्शन राहिलाय, घ्या ड्रॉइंगचा तास. गॅदरिंग आलं, ड्रॉइंगचे सर पडदे रंगवायला. फळ्यावर सुविचार लिहायचाय, पाहुण्यांसाठी रांगोळी काढायचीय, बोलवा ड्रॉइंगच्या बाईंना. निकालाच्या दिवशी आपण आया गणिताच्या सरांना गाठतो, इंग्रजीच्या मॅडमना गाठतो. ड्रॉइंगच्या सरांपाशी दोन मिनिटं थांबून ‘माझ्या मुलीचा हात कसा आहे हो?’ असं विचारणारी आई मी तरी अजून पाहिलेली नाही.

म्हणूनच आज एका ड्रॉइंगच्या मास्तरांबद्दल लिहायचंय. त्यांचं नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म १८६७ सालचा, कोल्हापूरचा. चित्रकार म्हणून त्यांचं नाव काहींनी ऐकलं असेल, पण आयुष्यभर त्यांचा पेशा होता शिकवण्याचा. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून गेले आणि १८९६ पासून तिथेच शिकवू लागले. १९३१ मध्ये निवृत्त झाले. त्याआधी, १९३० मध्ये, काही काळ त्यांनी त्या संस्थेचं संचालकपदही सांभाळलं. १८५७ पासून चाललेल्या त्या शाळेत ती खुर्ची साहेबाचीच असायची. तिच्यावर बसलेले धुरंधर हे पहिले भारतीय!

आपल्या पनवेलहून हार्बर लोकल पकडली की शेवटचं स्टेशन सीएसएमटी. तिथून पायी काही मिनिटांवर हे जे. जे. आहे. खरेदीला, दवाखान्याला आपण त्या बाजूला कितीदा जातो, पण त्या फाटकाच्या आत काय चालतं ते बघावंसं वाटत नाही. असो.

धुरंधरांना १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, १९२७ मध्ये ‘रावबहादूर’ किताब मिळाला. हे सगळं मोठंच. पण मला ते जवळचे वाटतात ते त्यांनी काढलेल्या बायकांमुळे. देव्हाऱ्यातल्या किंवा कॅलेंडरवरच्या नव्हे हं, साध्या बायका. लुगड्याचा काष्टा नेमका कसा बसतो, पदर खोचला की कमरेशी चुण्या कशा पडतात, डोक्यावर ओझं असलेली बाई पाऊल कसं टाकते, हे त्यांनी इतकं बारकाईने पाहिलंय की नऊवारी नेसणाऱ्या आजीलासुद्धा त्यात खोट सापडायची नाही. वर्षानुवर्षं मुलांना ‘आधी नीट बघा, मग काढा’ हे शिकवणाऱ्या माणसाचीच ही नजर, असं मला वाटतं.

ही चित्रं पुस्तकांतून घरोघर गेली. १९१४ मध्ये सी. ए. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याचं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ आलं. नाव इंग्रजी, पण आत काय आहे माहितेय? आपल्या श्रावणातल्या कहाण्या! आदितवारची, सोमवारची, नागोबाची, दिव्याच्या अवसेची, सोमा परटिणीची... सासूबाईंच्या जीर्ण पोथीत आपण वाचतो त्याच. त्यांना चित्रं दिली धुरंधरांनी. आता ते पुस्तक मोबाइलवर फुकट वाचता येतं, चित्रांसकट. यंदा श्रावणात मंडळात कहाणी वाचताना मुलांना ती चित्रं दाखवा, मग बघा मुलं जागची हलतात का!

दुसरं पुस्तक १९२० चं, ऑटो रोथफिल्ड यांचं ‘विमेन ऑफ इंडिया’. त्यात निरनिराळ्या प्रांतांतल्या, समाजांतल्या बायकांची रंगीत चित्रं आहेत. मजकूर मला आवडला नाही, हे स्पष्टच सांगते. कुठल्या जातीची बाई दिसायला कशी आणि वागायला कशी, असा साहेबी थाट त्यात आहे. चित्रं मात्र त्या मजकुरापेक्षा कितीतरी सभ्य आहेत. लेखक बाईला नमुना म्हणून बघतो, चित्रकार माणूस म्हणून बघतो, असं मला ती चित्रं बघताना सारखं वाटत राहिलं.

पुढे नवी दिल्ली वसत होती तेव्हा सरकारी कचेऱ्या सजवण्याच्या कामात जे. जे. च्या कलावंतांनाही वाटा मिळाला. कायदा खात्याच्या दालनासाठी धुरंधरांनी चित्रं केली, त्यातला एक विषय होता ‘स्त्रीधन’! कायद्याचा विषय म्हटल्यावर कोर्ट नाही, वकील नाही, तर बाईच्या हक्काचं धन. आमच्या बचत गटाच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, “म्हणजे तेव्हाच्या भिंतीवर होतं ते आमच्या घरात अजून यायचंय!” यावर मी काय बोलणार?

निवृत्तीनंतर धुरंधरांनी स्वतःचं पुस्तक लिहिलं, ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’. तेही मराठीत. १९४० साली ते निघालं तेव्हा त्यांचं वय होतं त्र्याहत्तर. १८९० ते १९३१ हा विद्यार्थिदशेपासून निवृत्तीपर्यंतचा सगळा काळ त्यात आहे. एका शिक्षकाने आपल्या शाळेची अशी नोंद ठेवली म्हणूनच तिथे कोण होतं, काय शिकवलं जायचं, हे आज आपल्या भाषेत वाचायला मिळतं. १९४४ मध्ये ते गेले. हे पुस्तक राहून गेलं असतं तर?

आणि त्यांच्या मुलीचं काय? अंबिका धुरंधर, जन्म १९१२. जे. जे. मधूनच १९३१ मध्ये त्यांनी चित्रकलेची पदविका घेतली. तिथून पदविका मिळवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. २००९ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्या गेल्या. त्यांच्या आठवणींचं पुस्तक २०१० मध्ये आलं, त्याचं नाव ‘माझी स्मरणचित्रे’. मैत्रिणींनो, ‘स्मरणचित्र’ हा शब्द आठवतोय ना? एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पेपर असतो तो! बाजारातला प्रसंग, पाणवठा, बसस्टॉप, समोर काही नसताना आठवून काढायचं. वडील ओळखीचे, मुलगी फारशी कुणाला ठाऊक नाही. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा वडिलांवर पुष्कळ लिहून आलं. अंबिकाबाईंवर स्वतंत्रपणे कधी लिहिलं जाणार, हा माझा प्रश्न आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आपल्या मुली. इंटरमिजिएटपर्यंत पोरी हौसेने बसतात, कारण श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. गुण पदरात पडले की कंपास आणि रंगपेटी माळ्यावर! गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका मुलीला इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली. पुढे आर्टला जायचं म्हणाली तर आईच म्हणाली, “मेंदी काढून पोट भरणार का?” त्या माऊलीचा राग मला येत नाही, काळजी खरीच आहे. पण पुढे काय काय शिकता येतं, हे तिला शाळेतल्या कुणी सांगितलं का? सांगणार कोण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, अशी तरतूद आहे. म्हणजे कायद्यानेच कला अर्धवेळ करून टाकली! मानधनावरच्या, उद्या असेन की नाही ठाऊक नसलेल्या बाईंनी मुलीच्या हाताकडे वर्षभर कसं लक्ष ठेवायचं?

इथून जवळच पेण आहे. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाला कितीतरी बायका बसतात. ते काम हातावरचं, म्हणजे पैसे मिळवून देणारं. तिथे कुणी ‘ऑफ तास’ म्हणत नाही!

येत्या पालक सभेत मी दोन प्रश्न विचारणार आहे. ड्रॉइंगचा तास वर्षभरात किती वेळा दुसऱ्या विषयाला दिला? आणि ड्रॉइंगच्या बाई कायम आहेत की मानधनावर? तुम्हीही तुमच्या गावात विचारा. आणि वाचनालयाच्या मागणी वहीत धुरंधर बाप-लेकीच्या दोन्ही पुस्तकांची नावं लिहून या. जुनं पुस्तक मिळायला वेळ लागेल, ग्रंथपाल कुरकुर करतील, तरी लिहून याच. आमच्या वहीत मी सोमवारीच लिहून आले.