बाहेरून चार मीटर, आतून किती? छोट्या मोटारींतील चालकाच्या आसनाबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी,
प्रादेशिक परिवहन कार्यालय, कोल्हापूर.

(आपल्यामार्फत मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य आणि मा. सचिव, केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली यांना सादर)

विषय : चार मीटरच्या आतील मोटारींमध्ये चालकाचे आसन, पेडल आणि स्टिअरिंग यांची मापे ठरवून ती जाहीर करणे, तसेच कोल्हापूर कार्यालयाच्या अखत्यारीत लगेच करता येण्याजोगे उपाय योजणे, याबाबत.

संदर्भ : मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलमे ५२, ११० व १११, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १५ व ३१.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे एमएच-०९ पासिंगच्या छोट्या गाड्या चालवून पोट भरणारे टॅक्सीचालक, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षक आणि स्वतःची गाडी स्वतः चालवणारे नागरिक आहोत. अंबाबाई, जोतिबा, नृसिंहवाडी, पन्हाळा ही आमची नेहमीची भाडी. सुट्ट्यांत कोकण आणि गोवा. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या पक्षकारांची ये-जा वाढली. त्यातल्या पुष्कळांना परवडते ती छोटीच गाडी. आमची तक्रार रस्त्यांची नाही. (कागल-सातारा सहापदरीकरणावर निवेदन द्यायचे झाले तर ते वेगळे द्यावे लागेल, आणि याहून बरेच लांब होईल.) दिवसाचे दहा-बारा तास ज्या जागेवर आम्ही बसतो, त्या जागेबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

छोटी मोटार कशाला म्हणायचे, हे केंद्र सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात ठरवले. लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत. या मापात बसणाऱ्या गाडीला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. पुढे जीएसटी आला, दर बदलले, माप मात्र तेच राहिले. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापातल्या गाडीवर १८ टक्के कर आहे आणि मापाबाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाडीवर ४० टक्के. एवढा पैसा ज्या चार मीटरवर अवलंबून आहे, ते चार मीटर कंपन्या जिवापाड सांभाळणारच. बंपर आखूड होतो, डिकी छाटली जाते. मागच्या सीटला मात्र हात लावता येत नाही, कारण शोरूममध्ये गिऱ्हाईक आधी मागे बसून गुडघ्याला किती जागा आहे ते बघते. शेवटी सगळी ओढाताण चालकाच्या पायांपाशी येऊन थांबते. करसवलत देताना सरकार गाडी बाहेरून मोजते, आतून मोजत नाही. या निवेदनाचे मूळ एवढेच आहे.

पायांपाशी काय होते ते जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण गाडी विकत घेताना ते दिसत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि त्याच्या उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पुढच्या चाकाची कमान असते. लांब गाडीत हे चाक पायांच्या बरेच पुढे राहते. आखूड गाडीत कमान पायांच्या जागेत घुसते आणि तिन्ही पेडल डावीकडे सरकतात. सीट मात्र जागच्या जागी राहते. म्हणजे छाती समोर, कंबर समोर आणि दोन्ही पाय डावीकडे तिरके. मंडईतून भाजी घेऊन घरी येणाऱ्याला हे जाणवणारही नाही. रत्नागिरीचे भाडे घेऊन निघालेल्या माणसाला मलकापूर ओलांडेपर्यंत उजव्या कुल्ल्यातून कळ यायला लागते आणि आंबा घाट तर पुढेच असतो.

डाव्या पायाची गत याहून वाईट आहे. क्लचच्या डावीकडे मधल्या कन्सोलची भिंत जवळजवळ चिकटलेली असते. मोठ्या गाडीत तिथे पाय टेकवायला एक उतरता ठोकळा दिलेला असतो. छोट्या गाडीत बहुधा त्याला जागाच उरत नाही. मग डावा पाय एकतर दुमडून क्लचखाली कोंबायचा, नाहीतर क्लचवर तरंगत ठेवायचा. क्लचप्लेट लवकर गेली की गॅरेजवाला म्हणतो, क्लचवर पाय ठेवून गाडी मारता, दुसरे काय होणार! त्याचे खरे आहे. पण पाय दुसरीकडे ठेवायला जागा कुठे आहे, हे तोही सांगू शकत नाही. पावसाळ्यात करूळ घाटात पुढे मालट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत असतो, मागे एसटी चिकटलेली असते, अशा वेळी अर्ध्या क्लचवर पोटरीला गोळा आला तर काय होईल, ते आपणास सांगायला नको.

यात गाडीच्या हादऱ्यांची भर पडते. बसलेल्या माणसाच्या मणक्याला सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी वरखाली कंपने सर्वांत जास्त बाधतात. पातळ फोमच्या सीटवर, कंबरेच्या खोबणीला आधार नसताना, पीळ पडलेल्या अवस्थेत ती सोसायची म्हणजे दुखणे ओढवून घेणेच आहे.

आता स्टिअरिंग. बहुतेक छोट्या गाड्यांत ते वरखाली होते, पण जवळ-लांब होत नाही. सीटची उंची कमी-जास्त करण्याचा दांडा अनेकदा वरच्या मॉडेललाच असतो आणि टॅक्सीसाठी गाडी घेणारा माणूस हप्ता बघून खालचे मॉडेल घेतो. उंच माणसाने पायांसाठी सीट मागे घेतली की हात ताणले जातात आणि खांदे पाठीपासून सुटतात. हातांसाठी पुढे घेतली की गुडघे स्टिअरिंगखाली अडकतात. या भागात तालमीतून घडलेले देह कमी नाहीत. खासबागेच्या मैदानात शोभणारा गडी छोट्या गाडीतून उतरताना बघणे ही करमणूक असली तरी त्याच गड्याने तीच गाडी दिवसभर चालवणे ही करमणूक नाही.

बुटक्या माणसाची अडचण अधिक गंभीर आहे, आणि त्यात बहुसंख्य स्त्रिया येतात. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, ते योग्यच झाले. पण एअरबॅग नीट काम करायची तर छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर असावे, असे अमेरिकेची रस्ता सुरक्षा यंत्रणा सांगते. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईने क्लच पूर्ण दाबता यावा म्हणून सीट पुढे घेतली की हे अंतर राहणे मुश्कील होते. उंची वाढवायला खाली उशी घेतली की पट्टा पोटावर सरकतो आणि मांड्या स्टिअरिंगला घासतात. वाचवण्यासाठी बसवलेली वस्तूच तिच्या फार जवळ येऊन बसते.

ही चूक कुणा एकट्याची नाही. समोरून धडकेच्या चाचणीत चालकाच्या जागी जो पुतळा बसवतात तो साधारण १७५ सेंटिमीटर उंचीचा असतो. तो मध्यम बांध्याचा अमेरिकी पुरुष. आपल्या देशात पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास आणि स्त्रीची १५२ च्या आसपास आहे. ज्या लहान स्त्री-पुतळ्याला तिकडे ‘शंभरातल्या पाच सर्वांत लहान बायकांचा’ नमुना मानतात, तो जवळजवळ आपल्या सरासरी बाईएवढा भरतो! १ ऑक्टोबर २०२३ पासून धडक-चाचण्यांवर गुण देणारे भारत एनकॅप सुरू झाले, गाड्यांना तारे मिळू लागले. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण तारे धडकेतल्या बचावाला मिळतात; धडक होऊ नये म्हणून चालक नीट बसला आहे का, याला एकही तारा नाही.

भारतीय देहाची मापे उपलब्ध नाहीत अशी सबब कुणी सांगू नये. राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ १९९७ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. तयार कपड्यांची मापे ठरवण्यासाठी केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने पंचवीस हजारांवर माणसांची मापे घेण्याचा ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला. सदऱ्यासाठी देश मोजता येतो, तर सीटसाठीही येईल.

इलाज मिळत नाही म्हणून लोक स्वतःच इलाज करतात. सीटकव्हरवाल्याकडून जादा फोम भरून घेतात. त्याने डोके छताला लागते आणि कव्हर चुकीचे असेल तर सीटच्या कडेतली एअरबॅग अडते. कुणी सीटच्या रुळाखाली लोखंडी पट्ट्या घालून सीट उचलून किंवा मागे सरकवून घेतात. सीटचे बोल्ट आणि रूळ किती जोराचा झटका सोसतील याची चाचणी झालेली असते. पट्टी घातली की त्या चाचणीला अर्थ उरत नाही. शिवाय मूळ बांधणीत बदल केला म्हणून कलम ५२ आडवे येण्याची भीती. ज्याची कंबर गेली तोच कायद्यापुढे गुन्हेगार, अशी ही कोंडी आहे.

आपल्या कार्यालयाच्या हाती काय आहे आणि काय नाही, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणून जिथली मागणी तिथेच करतो.

आपल्याकडे पहिली विनंती पक्क्या लायसन्सच्या चाचणीबाबत आणि त्याआधीच्या प्रशिक्षणाबाबत. नियम १५ मध्ये उमेदवाराने आरसा नीट लावून घेणे अपेक्षित आहे. प्रशिक्षणाच्या नियम ३१ मधील अभ्यासक्रमात चालकाच्या जागेवर बसण्यापूर्वी आणि बसल्यानंतर करायच्या तपासण्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच्या आधारे जिल्ह्यातील ड्रायव्हिंग स्कूलांना लेखी सूचना द्यावी : क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा, पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावे, हेडरेस्ट मानेमागे न राहता डोक्यामागे यावा, आणि हे पहिल्याच धड्यात शिकवावे. आमच्यातल्या प्रशिक्षकांनाही हे सांगितले जाण्याची गरज आहे, हे ते स्वतः कबूल करतात. प्रशिक्षणाची नवी गाडी नोंदवताना ती उंची बदलणाऱ्या सीटची असावी, असा आग्रह धरावा.

दुसरी विनंती फिटनेसबाबत. टॅक्सीला वेगमर्यादक लागतो, ठावठिकाणा सांगणारे यंत्र लागते, पॅनिक बटण लागते. फिटनेस तपासणीच्या वेळीच चालकाची सीट पुढे-मागे सरकवून तिचा खटका बसतो का, पाठ डगमगते का आणि रुळाखाली काही घातले आहे का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतील. पट्टी सापडली तर पहिल्या वेळी दंड न करता ती काढून घेण्यास मुदत द्यावी.

तिसरी थोडी वेगळी आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये यांना सोबत घेऊन आपल्या आवारात चालकांचे मोजमाप शिबिर भरवावे. उंची, पायाची लांबी, गाडीचे मॉडेल, पेडल किती सरकलेली आहेत, कुठे दुखते, एवढे नोंदवले तरी पुरे. आम्ही गाड्यांसह हजर राहू. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून मोटारींचे सुटे भाग देशभर जातात. मिलिमीटर मोजणारी माणसे या जिल्ह्याला बाहेरून आणावी लागणार नाहीत.

आता राज्य शासनाकडील मागणी. सार्वजनिक सेवेच्या वाहनांतील आसनव्यवस्थेबाबत नियम करण्याचा अधिकार कलम १११ ने राज्याला दिला आहे. चालकही त्या आसनांपैकीच एका आसनावर बसतो. या कलमाखाली टॅक्सीच्या चालकआसनाबाबत राज्याला कुठवर जाता येते, याचे विधी विभागाचे मत मागवावे. नियम होईपर्यंत एक गोष्ट शासन उद्यापासून करू शकते : सरकारी कार्यालये ज्या छोट्या गाड्या चालकासह भाड्याने घेतात, त्यांच्या निविदेत उंची बदलणारी सीट आणि डाव्या पायाला टेकू या दोन अटी घालाव्यात. मोठे गिऱ्हाईक मागू लागले की कंपन्या खालच्या मॉडेलमध्येही या गोष्टी देतील.

केंद्राकडे मागणी एकच, पण मोठी. कलम ११० ने वाहनाची बांधणी आणि चालकाच्या सुरक्षेची साधने यांबाबत नियम करण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. बसच्या बांधणीसाठीच्या एआयएस-०५२ संहितेत चालकाच्या जागेचा वेगळा विचार केलेला आहे. तसाच मोटारीचा व्हावा. चार मीटरची करसवलत घेणाऱ्या प्रत्येक मॉडेलची आतली मापे कंपनीने माहितीपत्रकात छापावीत. सीटपासून क्लचचे कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतर, सीटच्या मध्यापासून पेडल किती मिलिमीटर डावीकडे, सीट किती वरखाली होते, स्टिअरिंग कुठवर हलते, छतापर्यंत किती जागा. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने प्रमाणित केलेल्या मायलेजचा आकडा गिऱ्हाईकाला पाठ असतो, मग हे आकडेही त्याच पुण्यातल्या संस्थेने तपासून द्यावेत. एकदा छापले गेले की पुढची किमान मर्यादा ठरवणे सोपे जाईल. आणि टॅक्सी म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये सीटची उंची बदलण्याची सोय सक्तीची असावी.

याने गाडी महागेल, असे उत्तर येईल. काही हजारांनी महागेलही. आम्ही हवेशीर सीट, बटणावर सरकणारी सीट मागत नाही. एक दांडा, एक ठोकळा आणि छापलेली मापे मागतो. करात जी सवलत मिळाली आहे, तिच्यातून हे भागणार नाही असे वाटत नाही.

आपल्या अखत्यारीतील तिन्ही विनंत्यांवर काय कार्यवाही होणार, हे ३० दिवसांत लेखी कळवावे आणि उर्वरित मागण्या आपल्या अभिप्रायासह वरिष्ठांकडे पाठवून त्याची प्रत आम्हाला द्यावी. प्रत्यक्ष चर्चेस बोलावल्यास आमचे पाच प्रतिनिधी येतील. सोबत वेगवेगळ्या उंचीचे चालक आणि खालच्या मॉडेलची एक गाडी आणू; आपण स्वतः चालकाच्या जागेवर बसून पाहावे.

आपले विश्वासू,
(छोट्या मोटारींचे चालक, प्रशिक्षक व नागरिक, कोल्हापूर, सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. खासदार, कोल्हापूर व हातकणंगले
मा. संचालक, एआरएआय, पुणे