आधी हिस्से, मग फरशी



पावसाळा सरला की देहूरोडपासून पिंपरीपर्यंत जुन्या घरांची कामे निघतात. पत्रे जाऊन स्लॅब येतो, शहाबादी जाऊन संगमरवर. राहते घर नीटनेटके असावे यात गैर काहीच नाही. पण गवंड्याला बयाणा देण्याआधी एक मोठे घर पाहून यावे, असे आम्ही सुचवतो. लोकलने पुणे स्टेशन आणि तिथून नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस.

तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी हा वाडा 1892 मध्ये उभारला. दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांच्या हाताला काम मिळावे, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. इटालियन धाटणीच्या कमानी, लांबरुंद व्हरांडे, भोवती हिरवळ. श्रीमंती डोळ्यांत भरते. ऑगस्ट 1942 मध्ये इंग्रज सरकारने याच वाड्याचा तुरुंग केला. गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई आणि सरोजिनी नायडू इथे कैदेत होते. महादेवभाई 15 ऑगस्ट 1942 रोजी आणि कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 रोजी इथेच वारल्या. दोघांच्याही समाध्या आवारात आहेत.

1969 मध्ये चौथे आगाखान शाह करीम यांनी हा वाडा गांधीजींच्या स्मरणार्थ देशाला दिला. 2003 मध्ये तो राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक ठरला. देणाऱ्याने हयातीत, सर्वांदेखत दिला. कोणाचे काय, याबाबत आडपडदा ठेवला नाही.

आपल्या घरांत नेमके हेच राहून जाते. अब्बांचा इंतकाल होतो, घर त्यांच्याच नावावर राहते. तिथे राहणारा मुलगा लाखो रुपये घालून घर चकाचक करतो. वर्षांनी बहिणीने हिस्सा विचारला, तर उत्तर तयार असते : "एवढा खर्च आम्ही केला, आता कसला हिस्सा?" माहेर तुटू नये म्हणून ती बिचारी गप्प बसते. या गप्प बसण्याला आपण तिची रजामंदी समजतो.

शरीअतचा क्रम सरळ आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंतची वसियत आणि उरलेले वारसांचे. सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिले आहेत. समजा, घराची किंमत 24 लाख आणि मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. मय्यताचे आईवडील हयात नाहीत. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे 3 लाख. उरलेल्या 21 लाखांत मुलाचे 14, मुलीचे 7. हे 7 लाख भावाची मेहेरबानी नव्हे, तिचा हक आहे. लग्नात दिलेल्या दागिन्यांनी तो फिटत नाही.

म्हणून काम काढण्याआधी घराची किंमत करून घ्या आणि आलिमांना विचारून हिस्से कागदावर मांडा. एकरकमी देणे जमत नसेल तर बहिणीच्या संमतीने हप्ते ठरवा. घरात राहूनच दुरुस्ती करायची असेल तर कोण किती घालणार, हे सर्वांसमोर लिहून ठेवा. हक्कसोडपत्रावर सही मागण्याआधी तिचा हिस्सा किती, हे तिला आकड्यात सांगा. सांगूनही तिने खुशीने सोडला, तर गोष्ट वेगळी.

फरशी दोन महिने उशिरा बसली तरी चालेल. दुसऱ्याच्या हिश्श्यावर बसवलेली फरशी मात्र कितीही चकचकीत असली तरी तिचा हिशेब द्यावाच लागतो.