गँगमनच्या घराचाही वारसा

रेल्वेचा वारसा म्हटलं की आपल्यासमोर काय येतं? २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं मुंबईचं भव्य टर्मिनस. संग्रहालयात रंगवून ठेवलेली वाफेची इंजिनं. राजेरजवाड्यांचे सलून. त्यांचं जतन होतं याबद्दल माझी तक्रार नाही. पण रुळाच्या कडेचं गँगमनचं घर, काळ्या दगडाच्या भिंती आणि वर कौलं असलेलं, या यादीत सहसा नसतं. ते रिकामं पडतं, दारं-खिडक्या निघून जातात आणि एक दिवस जमीन सपाट होते. असं एखादं तरी घर जपलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आणि त्याचं कारण केवळ दगडी बांधकाम नाही.

वाफेच्या इंजिनांच्या काळात मध्यरात्री कॉलबॉय दारावर थाप मारून ड्रायव्हर-फायरमनला ड्यूटीवर बोलवायचा. तो उठायच्या आत घरातली बाई उठलेली असायची. चूल पेटवायची, डबा भरायचा, कोळशाने काळवंडलेले कपडे धुवायचे आणि दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी पोरांना गप्प ठेवायचं. गाड्या वेळेवर धावाव्यात म्हणून हे घरही पाळीत काम करत होतं. त्या पाळीची नोंद कुठल्याही हजेरीपटावर नाही. ती त्या स्वयंपाकघरातच घडली.

या घरांना जातही होती. मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्षपदावरून डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिलं, की दलित माणसाला पोर्टरचं काम सहसा मिळत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागतं, आणि तिथे त्याचा स्पर्श चालत नाही. म्हणजे एका घराच्या उंबरठ्याने दुसऱ्या घरची भाकरी ठरवली. साहेबाचा बंगला तेवढा जपला आणि गँगमनची खोली पाडली, तर इतिहासातला हा अर्धा भागच पुसला जातो.

शिवाय हे घर बाईचं कधीच नव्हतं. ते नोकरीचं होतं. नवरा निवृत्त झाला किंवा गेला, की ठराविक मुदतीत रिकामं करायचं. मे १९७४ च्या संपात सुमारे सतरा लाख कामगार उतरले, तेव्हा सरकारने घाव घातला तो याच दुखऱ्या जागी. वसाहतींत पोलीस शिरले, कुटुंबांना क्वार्टरबाहेर काढलं गेलं. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं आहेत. दार अडवून उभ्या राहिलेल्या बायकांची किती आहेत?

नावं उरतात कुणाची, हे बोरघाटातही दिसतं. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला. अ‍ॅलिसचं नाव निदान इतिहासाच्या पुस्तकांत सापडतं. डोक्यावरून दगड-माती वाहणाऱ्या बायकांचं एकही नाव नाही.

कुणी म्हणेल, गळक्या, कोंदट घरांचं कसलं कौतुक? बरोबर आहे. त्यात राहणाऱ्यांना पक्कं, हवेशीर घर, पाणी आणि संडास मिळालाच पाहिजे. वारशाच्या नावाखाली कुणालाही तिथे डांबून ठेवू नये. मी रिकाम्या झालेल्या घरांबद्दल बोलते आहे. इंग्लंडमध्ये स्विंडनला ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० च्या दशकापासून बांधलेली कामगारवस्ती पाडण्यापासून वाचवली गेली आणि त्यातलं एक घर जुन्या काळासारखं मांडून ठेवलं गेलं. भुसावळ, इगतपुरी, मनमाडला हे का होऊ नये? प्रत्येक विभागात एक घर ठेवा. त्यात चूल, पाट्याची जागा, नळावरची रांग दाखवा. कुणाला ते कधीच मिळालं नाही, हेही भिंतीवर लिहा.

रेल्वे हे करील तेव्हा करील. मैत्रिणींनो, आपल्या गावच्या रेल्वे वसाहतीत राहिलेल्या म्हाताऱ्या बायका अजून आहेत. वही घेऊन त्यांच्याकडे जा. दिवस कसा सुरू व्हायचा, पाणी कुठून यायचं, घर सोडताना काय बरोबर नेलं, एवढं विचारा. भिंती गेल्या तर फोटोवरून पुन्हा बांधता येतील. या बायका गेल्यावर मात्र विचारायला कुणी उरणार नाही.