झोक्याच्या साखळीचं उद्घाटन कोण करणार?

काल रविवार होता, म्हणून संध्याकाळी दोन्ही पोरांना घेऊन आपल्या भागातल्या बागेत गेले. लेक आठ वर्षांची, धाकटा चारचा. महिनाभर काही ना काही कारणाने जाणं राहिलं होतं, त्यामुळे झोक्यावर आधी कोण बसणार यावरून घरातून निघतानाच भांडण.

बागेत चार झोके आहेत. म्हणजे होते. आता चालू आहे फक्त एक. दुसऱ्याची एकच साखळी लोंबतेय आणि बसायची फळी गायब. उरलेल्या दोघांचे वरचे हूक तेवढे शिल्लक. त्या एका झोक्यापुढे मुलांची रांग. मी मोजली, चौदा.

मला वाटलं, आता रडारड आणि ढकलाढकली. पण मुलांनी आपली आपणच व्यवस्था लावली होती. पन्नासपर्यंत मोजायचं, पन्नास झाले की उतरायचं आणि परत रांगेच्या शेवटी जायचं. मोजायचं काम दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीकडे. कडेवर तिचा लहान भाऊ. बागेच्या मागच्या वस्तीतली असावी. कुणी मध्येच भरभर मोजायला लागलं की ती दटावायची, "ए, नीट मोज की!" अगदी लहान पोर बसलं की स्वतःहून साठपर्यंत मोजायची. कुणाची हरकत नाही. तिची पाळी आली तेव्हा तिने भावाला फळीवर बसवलं आणि एका हाताने त्याला धरून झोका दिला. ती स्वतः काही बसली नाही.

चौदा मुलांनी एक झोका न भांडता वाटून घेतला. आणि आपल्या मोठ्यांच्या यंत्रणेला चार महिन्यांत तीन झोके दुरुस्त करता आलेले नाहीत.

बरं, या चार महिन्यांत बागेत काहीच झालं नाही असंही नाही. ओपन जिम आली. आठ नवी कोरी यंत्रं, शेजारी भलामोठा फलक, फलकावर कुणाच्या प्रयत्नातून आणि कुणाच्या निधीतून ही सगळी नावं. खाली बारीक अक्षरात, १४ वर्षांखालील मुलांनी वापरू नये. आता झोके मोडलेत, घसरगुंडीला खाली तडा गेलाय, सीसॉची एक बाजू जमिनीला टेकलीय, मग मुलं जाणार कुठे? त्या यंत्रांवरच लोंबकळतात. माझ्या धाकट्याचं बोट अशाच एका यंत्राच्या सांध्यात चेमटलं. नख काळंनिळं पडलंय. (काळजीने फोन करू नका, तो मजेत आहे आणि शाळेत सगळ्यांना बोट दाखवत फिरतोय.)

ओपन जिमला माझा विरोध नाही. आमच्या सासूबाई रोज सकाळी तिथे जातात, गुडघ्यांना बरं वाटतं म्हणतात. प्रश्न जिमचा नाहीच. नवीन आणायला पैसा सापडतो आणि आहे ते चालू ठेवायला सापडत नाही, हा आहे.

रखवालदार काकांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, मी दर आठवड्याला वहीत लिहितो. देखभालीचं काँट्रॅक्ट संपलंय. नवीन होईपर्यंत कुणी हात लावत नाही. मी माझ्या खिशातून वेल्डर आणला तर मलाच विचारतील, कुणाच्या परवानगीने केलं?" त्यांचंही खरंच आहे. मागच्या महिन्यात मी स्वतः फोटो काढून अ‍ॅपवर तक्रार टाकली होती. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. झोका होता तसाच. निराकरण तेवढं झालं.

हे असं का होतं, त्याचं कारण साधं आहे. नव्या वस्तूला फलक लागतो, फीत कापता येते, फोटो छापून येतो. साखळीचा झिजलेला हूक बदलला तर कोण फीत कापणार? नियमांची रचनाही तशीच. खासदार निधीची योजना १९९३ साली सुरू झाली ती मुळात टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठी. उभारल्यावर ती सांभाळायची कुणी, तर जिच्या ताब्यात असेल त्या संस्थेने. म्हणजे बारसं एकाने करायचं आणि पोर दुसऱ्याने सांभाळायचं.

"मुलंच मोडतात हो," असं काही जण म्हणतील. अहो, झोका वापरायलाच असतो. दिवसभर पोरं बसणार म्हटल्यावर वर जिथे साखळी अडकवलेली असते तिथे लोखंडाला लोखंड घासणारच. तिथे वेळच्या वेळी ग्रीस लागलं, महिन्यातून एकदा नटबोल्ट आवळले, झिजलेला हूक तुटायच्या आधी बदलला, तर झोका वर्षानुवर्षं चालतो. हे वेल्डरचं तासाभराचं काम आहे.

लहानपणी मे महिन्यात आम्ही पुण्याला मामाकडे जायचो. पेशवे पार्कातली फुलराणी हे सुट्टीतलं मोठं आकर्षण. ती छोटी आगगाडी १९५६ साली सुरू झालेली. मी बसले तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. उद्घाटन एकदाच झालं असणार. आम्हाला तीस वर्षांनी बसायला मिळालं, कारण मधल्या काळात तिचं तेलपाणी करणारं कुणीतरी होतं. त्या माणसाचं नाव कुठल्या फलकावर मी वाचलेलं नाही.

अजून एक. झोक्याखाली पेव्हर ब्लॉक घातलेत. खेळताना मुलं पडणारच, आणि बहुतेक वेळा लागतं ते पडल्यामुळेच. तिथे वाळू हवी. वाळू ब्लॉकपेक्षा स्वस्त पडते, पण फोटोत चांगली दिसत नाही.

आता जरा आपल्याकडे बघूया. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या सोसायटीत खेळायची जागा आहे. बागेतला झोका मोडला तर आपण खाली पार्किंगशेजारच्या झोक्यावर मुलांना नेतो आणि विषय संपतो. मीही महिनाभर तेच केलं. पण त्या मोजणाऱ्या मुलीला दुसरा झोका नाही. ही बाग खरं तर तिच्यासाठी आहे. आणि तक्रार करायला फोन, वेळ आणि ओळखी आपल्याकडे आहेत. ज्यांना गरज आहे त्यांचा आवाज पोचत नाही आणि ज्यांचा पोचतो त्यांचं अडत नाही. बागा मोडक्या राहतात त्या यामुळे.

खेळ म्हणजे चैन नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात ३१ वं कलम खेळण्याच्या हक्काचं आहे आणि भारताने १९९२ साली तो करार स्वीकारलाय. त्याच वर्षीच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या संस्थांकडे द्यायच्या कामांची जी यादी घटनेत आली, तिच्यात उद्यानं आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत.

मागण्या तीनच. एक, जुनी खेळणी चालू झाल्याशिवाय बागेत नवीन काही बसवू नका, आणि नवीन घ्याल तेव्हा पाच वर्षांची देखभाल त्याच निविदेत घाला. दोन, झोके आणि घसरगुंडीखाली वाळू टाका. तीन, फाटकावर एक साधी पाटी लावा: खेळणी शेवटची कधी तपासली आणि कुणी तपासली. लिफ्टची तपासणी होते, मग झोक्याची का नको?

मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाय. दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. देखभालीचं काँट्रॅक्ट कधी संपलं, नवीन का निघालं नाही आणि माझ्या तक्रारीचं नेमकं काय "निराकरण" झालं, एवढंच विचारलंय. सोबत सह्यांचं निवेदनही देणार आहे. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता बागेत झोक्यापाशी असेन. सही करायला या, आणि मुलांना घेऊन या.

रांग लावावी लागेल. पन्नासपर्यंत मोजायचं, नीट मोजायचं.