गावाचे नाव कोणाचे?

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात सुमारे सात हजार वस्तीचे स्टर्जिस गाव आहे. १९३८ साली सुरू झालेला मोटारसायकलवाल्यांचा मेळा दर ऑगस्टमध्ये तेथे भरतो. लाखो लोक येतात. विक्रेते तंबू ठोकून टी-शर्ट, टोप्या, बिल्ले विकतात. गिऱ्हाईक पैसे मोजते ते मालावर छापलेल्या गावाच्या नावासाठी!

२०११ मध्ये एका संस्थेने ‘स्टर्जिस’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवले आणि ते छापून विकणाऱ्या दुकानदारांवर दावा ठोकला. २०१५ मध्ये दुकानदार हरले. त्यांनी अपील केले. या नावावर संस्थेचा हक्क असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असा निकाल २०१८ मध्ये लागला.

स्टॉल लावणाऱ्या बंधू-भगिनींनो, नोटीस येताच माल गुंडाळू नका. आधी वकिलाला दाखवा. जुनी बिले मात्र जपून ठेवा!