शाकारणी

जपानच्या प्रवासाची तयारी चालू असतांना थोरल्या चुलतभावाचें, म्हणजे दादांचें, पत्र आलें. कोंकणांतील वडिलोपार्जित घर विकावें कीं राखावें, याविषयींचें मत दिवाळीपूर्वीं कळवावें, असें त्यांत होतें. त्या घरांत आज एकट्या काकू राहतात. कागदावर मात्र त्यांचें नांव कोठेंच नाहीं. उत्तर न लिहितांच मी निघालों, आणि तें मला शिराकावा नांवाच्या डोंगरी गांवांत सुचलें.

गिफू प्रांतांत शो नदीच्या अरुंद खोऱ्यांत हें गांव वसलें आहे. हिवाळ्यांत येथें पुरुषभर उंच बर्फ सांचतें. म्हणून घरांचीं गवती छपरें सुमारें ६० अंशांच्या उताराचीं. नमस्कारासाठीं दोन्ही तळहात जोडावेत तसा त्यांचा आकार, आणि ‘गाश्शो’ या त्यांच्या नांवाचा अर्थही तोच. छपराच्या सांगाड्यांत खिळा नाहीं. लांकडें दोरांनीं व ओल्या फोकांनीं आवळलेलीं. पोटमाळ्यावर पूर्वीं रेशमाचे किडे पाळीत.

जेथें मी उतरलों त्या घरच्या आजीबाईंना मी मासे खात नाहीं हें आधींच कळविलें होतें. कारण तेथें सारांतही बहुधा मासळीचा अर्क असतो. त्यांनीं सोनचाफ्याच्या कुळांतील एका वृक्षाच्या रुंद पानावर मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेलें खारट वाटण, घालून तें निखाऱ्यावर ठेवलें. सोबत रानभाज्या व भात. जमिनींतील चौकोनी चुलीचा धूर डोळ्यांत गेला, तशी मला काकूंच्या स्वयंपाकघराची आठवण झाली. हा धूरच छपराचा राखणदार! त्यानें दोर टिकतात, गवताला व लांकडाला कीड लागत नाहीं. चूल पेटत राहील तोंवर छप्पर टिकेल, असा हा साधा हिशेब.

या खोऱ्यांतही एकेका घरांत तीस-चाळीस माणसें नांदत, हें ऐकून मला प्रथम आनंद झाला. पुढील हकीकत ऐकून मात्र तो ओसरला. जमीन थोडी, राबणारे हात मात्र हवेत. म्हणून कांहीं वाड्यांतून थोरल्या मुलाचाच संसार रीतसर होई. धाकट्यांनीं रात्रीं परघरच्या स्त्रीकडे जावें, दिवसा थोरल्याच्या घरीं राबावें, आणि त्यांचीं मुलें आईच्या माहेरीं वाढावींत, अशी रीत. मेइजी काळानंतर ती मोडत गेली. बाहेरून नमस्कारासारख्या दिसणाऱ्या त्या छपराखालीं किती जणांनीं मन मारलें असेल! आपल्या वाड्यांचें तरी याहून फार निराळें होतें काय?

मग हीं घरें टिकलीं कशीं? छप्पर तीस-चाळीस वर्षांनीं नव्यानें शाकारावें लागतें, आणि तें एका कुटुंबाच्या आवांक्यांतलें काम नव्हे. ‘युई’ नांवाच्या रीतीनें शंभर-दोनशें गांवकरी येत, गवत वाहत, एक बाजू एक-दोन दिवसांत पुरी करीत. ती परतफेड पैशानें नव्हे, श्रमानेंच करावयाची. आतां कसबी कारागीर व सरकारी साहाय्यही असतें. पण युई सर्वस्वीं संपलेली नाहीं. १९७१ सालीं येथील ओगिमाची वस्तीनें ठरविलें, कीं घरें विकावयाचीं नाहींत, भाड्यानें द्यावयाचीं नाहींत, मोडावयाचीं नाहींत. १९९५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत त्यांचें नांव घातलें, तें यानंतर चोवीस वर्षांनीं.

परत येतांच दादांना लिहिलें, “घर विकूं नये, पण पूर्वींच्या रीतीनें राखूंही नये. आधीं काकूंचें नांव कागदावर घालावें. मग दर वैशाखांत शाकारणीला प्रत्येक बिऱ्हाडानें एक माणूस पाठवावा. माझ्या वांट्याचे पैसे सोबत धाडीत आहें.”

आठ दिवसांनीं उत्तर आलें. “काकूंच्या नांवाचें काम हातीं घेतलें आहे. पैसे परत पाठवीत आहें. वैशाखांत तूं स्वतः ये.”